ड्रम वर येईना

आमच्या शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दरवर्षी कोणीतरी थर्माकोलचा गोबरगॅस घेऊन येतंच. हिरवा रंग दिलेला भुसा म्हणजे गवत, कापसाची गाय, सलाइनच्या नळीतून जाणारा गॅस आणि टोकाला काडेपेटीची शेगडी. पोरं घडाघडा बोलतात. पर्यावरण, प्रदूषण, अपारंपरिक ऊर्जा, सगळं पाठ. मी परीक्षक म्हणून समोर उभी राहते, चष्मा नाकावर ओढते आणि माझा ठरलेला प्रश्न विचारते. "याला संडासही जोडता येतो, माहीत आहे ना? मग त्या गॅसवरचा चहा तू पिशील का?" पोरं आधी एकमेकांकडे बघतात, मग फिस्सकन हसतात, आणि एखादी मुलगी नाकाला रुमाल लावते. थर्माकोलसमोर! आमच्या तरुण मॅडम म्हणतात, "तुम्ही दरवर्षी तोच प्रश्न काय विचारता हो?" विचारते खरी. त्या प्रश्नापायी माझं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडलं होतं. ते सांगायचं तर आमच्या घरातल्या कापसापासून सुरुवात करावी लागेल.

घाटंजीहून एसटीनं आत गेलं की आमचं गाव. दोन खोल्या, मागे छपरी, अंगणात बाभळीचं झाड. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, आणि भाव येईल या आशेवर ज्याच्या त्याच्या घरात कापूस पडून होता. आमच्या समोरच्या खोलीत तो आढ्यापर्यंत रचलेला असे. आम्ही उरलेल्या कडेकडेनं झोपायचो, जेवायचो, अभ्यास करायचो. नवा कापूस घरात आला की आधी बरं वाटतं, ऊब येते, थंडीत पोरं त्यावर लोळतात. पण तो महिनोन्महिने राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि घरभर खाज सुटते. मान, पोटऱ्या, काखा, कुठे कुठे खाजवावं! मी यवतमाळला कॉलेजला जायची, आणि एसटीत बसल्यावरही माझा हात मानेवर असायचा. शेजारी बसलेली शहरातली मुलगी हळूच सरकून बसायची. मला एका जागी बसवतच नसे. पुस्तक उघडलं की उठावंसं वाटे, उठलं की बाहेर जावंसं वाटे, बाहेर गेलं की हे गावच सोडावंसं वाटे. माय म्हणायची, "या पोट्टीच्या पायाले भिंगरी हाय. इले पाहून मलेच चक्कर येते."

मायची छाती वाजायची. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण तो आवाज माझ्या कानात अजून आहे. पहाटे ती चूल पेटवायला बसली की आधी फुंकणीचा आवाज यायचा आणि मग त्याच्याच सारखा तिच्या छातीचा, आणि अंथरुणात पडल्यापडल्या मला कळायचं नाही की यातली फुंकणी कोणती. चूल मागच्या छपरीत होती, कारण ठिणगी उडून कापसाला लागायची धास्ती. जळण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात उरणारी झाडं उपटायची, मोळ्या बांधून आणायच्या आणि वर्षभर जाळायच्या. पऱ्हाटी पेटते भुरकन आणि विझते भुरकन, म्हणून माणसाला चुलीपासून हलता येत नाही. ज्वारीच्या भाकरी, चून म्हणजे पिठलं, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, सगळ्यालाच धुराचा वास. तो वास म्हणजेच अन्नाची चव, असं आम्हाला वाटायचं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मायला तपासलं आणि म्हणाले, "औषध देतो, पण धूर बंद नाही केला तर औषधाचा काही उपयोग नाही." माय येताना एसटीत म्हणाली, "धूर बंद करा म्हनते. सैपाक त्याची बायको येऊन करीन काय?" सिलिंडर घाटंजीत मिळायचा, पण तो आमच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून त्या गोष्टीवर घरात कोणी बोलतच नसे.

आता गंमत बघा, आमच्या परसात गोबरगॅसची टाकी होती. बाबांनी बऱ्या दिवसांत सरकारी योजनेतून बांधून घेतलेली. विहिरीसारखी गोल टाकी, आणि तिच्यावर पालथा घातलेला लोखंडी ड्रम. टाकीत शेण कालवलं की गॅस होतो आणि तो ड्रम हळूहळू वर उचलला जातो. तो वर आला की समजायचं, आज स्वयंपाक होणार. पण मायनं त्याच्यावर पुरता एक हंगामही रांधलं नाही तोच कापसाचे दिवस फिरले, गोठ्यातली बैलजोडी गेली, म्हैस गेली, आणि एक म्हातारी गाय उरली. एका गाईच्या शेणावर काय गॅस होणार! गावात सगळ्यांचंच तसं. ढोरं कमी झाली तसं शेणही महाग झालं. ड्रम गंजला, त्याच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालू लागल्या. बाबा जिनिंगमध्ये हंगामी कामाला जात आणि संध्याकाळी येऊन त्या टाकीच्या काठावर बसून तंबाखू मळत. त्यांना कशाबद्दलही विचारलं की ते "पाहू" म्हणत. टाकीचं काय करायचं? पाहू. मायच्या खोकल्याचं? पाहू. मी चिडायची. त्या वयात मला "पाहू" या शब्दाचा मनस्वी राग होता.

कॉलेजचं श्रमदान शिबिर एका खेड्यात झालं. तिथे एका आश्रमशाळेत संडासाला जोडलेला गॅस होता. शेण थोडं आणि बाकी पोरांचं. त्या गॅसवर आमचा वरणभात शिजला. आमच्यातल्या शहरी मुली जेवायला बसेनात, बिस्किटं खाऊन राहिल्या. याच मुली दुपारी पर्यावरणावर घोषणा रंगवत होत्या. मी मात्र शेगडीपाशी जाऊन उभी राहिले. निळी ज्योत, धूर नाही, वास नाही, आणि स्वयंपाकीणबाई ताठ बसून पोळ्या लाटत होती. डोळ्याला पदर नाही, खोकला नाही. मला माय दिसली. घरी परतेपर्यंत मला दम निघत नव्हता. एसटी घाटंजीच्या स्टँडवर थांबली तर मी कंडक्टरला दोनदा विचारलं, कधी सुटणार, कधी सुटणार.

माझा मोठा भाऊ मिलिंददादा तेव्हा आयटीआयला वेल्डिंग शिकत होता. त्याला सांगायचाच अवकाश. तो त्याच पावली ड्रमपाशी गेला, कोंबड्या हाकलल्या आणि हातोडीनं ठोकून आवाज ऐकू लागला. "भोकं हाय, पण जोडता येते," म्हणाला. आमच्या घराला एक संडासही होता, तोही योजनेतलाच, आणि गावातल्या बहुतेक संडासांसारखा त्यात पऱ्हाटी भरलेली होती. सगळे बाहेरच जात. दादा म्हणाला, "टाकी हाय, संडास हाय. मंधात एक पाइप टाकला का झालं."

मायला सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं होतं ती हसेल, फार तर शिव्या देईल. ती फार शांतपणे बोलली, आणि म्हणून मला अजून शब्दन्‌शब्द आठवतो.

"तुह्या आजोबानं या गावात मेलेली ढोरं ओढायचं सोडलं," ती म्हणाली. "दीक्षा घेतली अन् सोडलं. गावानं काम बंद केलं, दुकान बंद केलं, पानी बंद केलं. उपाशी राह्यले, पन पुन्हा घानीले हात नाही लावला. मी या घरात सून म्हून आली तवा मले पयले हेच सांगतलं. अन् तू कॉलेजात शिकून घान माह्या चुलीपाशी आनून राह्यली?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीकडे उत्तर असलं की ती ते दाबून ठेवू शकत नाही. मी म्हणाले, "माय, ते दुसऱ्याचं होतं. हे आपलं हाय."

"घान ते घान," माय म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली. बाबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "पाहू." पण या वेळी त्यांनी ते म्हणून अंगणात जाऊन संडासातली पऱ्हाटी बाहेर काढायला सुरुवात केली.

मग आमचा छळ सुरू झाला, म्हणजे आम्हीच तो ओढवून घेतला. टाकी पहिल्यांदा भरायला शेण लागतं भरपूर. मी आणि दादा घमेली घेऊन गायकीच्या मागे फिरायचो. गायकी म्हणजे गावची गुरं एकत्र चरायला जातात ती. कॉलेजातली पोरगी रस्त्यावरचं शेण गोळा करते आहे, हे बघून गावाला करमणूक झाली. दादाचे मित्र ओरडायचे, "काय बे मिलिंद, बहिनीले याच्यातच डिग्री देऊन राह्यला काय?" दादानं ड्रम जोडला, पाइप टाकला, आणि घरात हुकूम काढला की आता कोणीही बाहेर जायचं नाही. बाबांना जन्माची सवय. ते पहाटे गुपचूप लोटा घेऊन निघाले की दादा अंथरुणातून उठून पळत जायचा आणि फाटकाशी ओरडायचा, "बाबा! गॅस बाहेर नेऊन राह्यले तुमी!" शेजारीपाजारी जागे व्हायचे. बाबा बिचारे खाली मान घालून परत यायचे.

माय मात्र जायची. शाल पांघरून, लोटा घेऊन, शेजारच्या बायांबरोबर, रोज. दादानं तिलाही एकदा अडवलं. ती म्हणाली, "तुमचं तुमी पाहा. माह्यं काही तुमच्या टाकीत पडनार नाही." आणि तिचा आवाज असा होता की दादा पुन्हा आडवा आला नाही.

आणि ड्रम काही वर येईना. थंडीचे दिवस, थंडीत गॅस धरत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी सकाळी उठून आधी परसात पळायची. दादानं ड्रमवर खडूनं रेघ मारली होती, ती रेघ होती तिथेच. कॉलेजात तास चालू असला तरी माझं डोकं त्या रेघेपाशी. दुपारची एसटी चुकली की मी स्टँडवर येरझारा घालायची, जसं काही मी पोहोचल्याशिवाय गॅस होणारच नाही. दादा चिडून माझ्यावर ओरडायचा, मी त्याच्यावर. घरात खाज, खोकला आणि भांडण, एवढंच उरलं होतं. एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते आणि सहज बघितलं तर रेघ टाकीच्या काठाच्या वर आली होती. मी ओले कपडे तिथेच टाकले. दादानं शेगडी पेटवली, आणि काहीच दिसेना. आम्ही हिरमुसलो. बाबांनी पुढे होऊन हात धरला आणि झटक्यानं मागे घेतला. "पेटली हाय न बे," ते म्हणाले, "उन्हात दिसून नाही राह्यली." आम्ही पोरांसारखे नाचलो. बाबांनी आपल्या हातानं चहा टाकला, आम्ही तिघं प्यालो. चौथा कप भरून मी मायपुढे धरला. तिनं तो घेतला, माझ्याकडे बघितलं आणि बाभळीच्या बुडाशी ओतून टाकला.

मला तेव्हा फार राग आला होता. आज मी मायच्या त्या वयाच्याही पुढे गेले आहे आणि तो कप मला वेगळा दिसतो. माझी भाची, दादाची मुलगी, पुण्यात असते. पिशवीत स्वतःची स्टीलची नळी घेऊन फिरते, प्लास्टिकची बाटली दिसली की कोणालाही दोन शब्द सुनावते. मला तिचं कौतुकच आहे, खोटं कशाला बोलू. पण ती गावी घरी आली की त्या गॅसवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ करायलाही कुरकुरते. तिच्या वाट्याला पर्यावरण स्वच्छ धुऊन पुसून आलं. आमच्या वाट्याला ते आलं घाणीसकट, आणि ती घाण आधी आजोबांच्या पाठीवरून उतरवावी लागली होती. हे मायला कळत होतं. मला नव्हतं कळत, मला फक्त तिची छाती वाजताना ऐकू येत होती, आणि मी म्हणेन की तेही काही कमी नव्हतं.

तर गॅस असा सुरू झाला. थोडाथोडा, कधी चहापुरता, कधी भाजीपुरता. आम्ही तिघं त्यावर करून खायचो आणि माय चुलीवर स्वतःची भाकर वेगळी करायची. एका घरात दोन स्वयंपाक, आणि धूर होता तेवढाच.

थंडी सरता सरता उमरखेडहून मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलाचं तिथे कॉम्प्युटर शिकवायचं सेंटर होतं. मला लग्न नको होतं, शिकायचं होतं. पण एकोणीस वर्षांच्या वयात माणसाला नकार द्यायची घाई असते, घ्यायची नसते. मी आरशापाशी बराच वेळ उभी होते, हेही खरंच. मायनं समोरच्या खोलीतल्या कापसावर चादरी लावल्या, खाली सतरंजी अंथरली. आणि आदल्या रात्रीपासून अवकाळी पाऊस. सकाळी बघितलं तर पऱ्हाटीचा सगळा ढीग ओला. मायनं चूल पेटवायचा प्रयत्न केला. छपरीत धूर, धूर आणि धूर. ती फुंकत होती, खोकत होती, पुन्हा फुंकत होती, आणि जाळ काही होईना. तेवढ्यात दादा सांगत आला की पाहुणे लवकरच्या एसटीनं आले, फाट्यावर उतरले सुद्धा.

माय भिंतीला टेकून बसली. तिचे डोळे लाल झाले होते, श्वास पुरत नव्हता.  शेवटी तीच म्हणाली, "ठेव त्याच्यावर. पोहे बी कर अन् चाय बी कर." मग आम्हा तिघांकडे बोट करून म्हणाली, "पन कोनी तोंड उघडाचं नाही. आलं ध्यानात?" आम्ही मान हलवली.

पाहुणे म्हणजे मुलगा, त्याची आई आणि त्याचे काका. काका निवृत्त कारकून, पांढरा सदरा, बोलणं मोजूनमापून. आईनं पदर घट्ट धरलेला, ती बोलतच नव्हती. मुलाच्या कमरेला मोबाइल. आमच्या गावात तेव्हा रेंज नव्हती, तरी तो दर थोड्या वेळानं फोन काढून बघायचा आणि परत ठेवायचा. मला विचारलं, "कॉम्प्युटर शिकायची आवड आहे का?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "पुढचा जमाना टेक्नॉलॉजीचाच आहे. गावातल्या लोकांना हे समजत नाही." मला तो आवडला. उगाच कशाला लपवू, त्या वाक्यानं आवडला. पोहे झाले, चहा झाला. मुलानं दुसऱ्यांदा चहा मागून घेतला. काका दाढीवर हात फिरवत म्हणाले, "पोरगी सुलक्षणी हाय. आमच्याकडून काही अडचन नाही." आत माय भिंतीआड उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण काकांनी चहाची बशी खाली ठेवली आणि कौतुकानं म्हणाले, "चाय मस्त झाला. धुराचा वास नाही. सिलिंडर घेतला वाट्टे?"

बाबा म्हणाले, "हो, म्हंजे..." आणि दादा म्हणाला, "सिलिंडर नाही जी. घरचाच गॅस हाय."

"गोबरगॅस? पन दारात तं एकच गाय दिसली."

"एकच हाय. बाकीचं आमी घरच्या घरी भागवतो."

त्याच्या त्या टाकीबद्दल कोणी आपणहोऊन विचारलं होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दादाला मायची ताकीद नाही आठवली, बहीण नाही आठवली, काहीच नाही. तो उठला, "या न, दाखवतो," म्हणाला आणि पाहुण्यांना परसात घेऊन गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खिडकीतून बघत होते. त्यानं आधी ड्रम दाखवला, मग वेल्डिंग दाखवलं, मग पाइप दाखवत दाखवत संडासाच्या दारापर्यंत गेला. मुलाचा हात आपोआप तोंडावर गेला. काका पाइपाकडे बघून वळले आणि अंगणात येऊन उभे राहिले. घरात यायला तयार नव्हते.

"हे तुमी आमाले पाजलं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमच्या बापजाद्यानं ज्या घानीतून पाय काढला, ते तुमी चुलीपाशी आनली? मंग दीक्षा कायले घेतली?"

दादा मटकन टाकीच्या काठावर बसला.  मला कापसाच्या ढिगात शिरून बसावंसं वाटत होतं. माय आतून आली. तिनं पदरानं तोंड पुसलं, काकांसमोर उभी राहिली आणि एकदा मोठा श्वास घेतला. तो वाजला.

"भाऊ, न सांगता पाजला हे चुकलं. मीच पोरायचं तोंड दाबून ठेवलं, त्याची माफी मांगतो," ती म्हणाली. "पन याले घान म्हनू नोका. माह्या सासऱ्यानं ढोरं ओढली ते दुसऱ्याची होती. गाव सांगे अन् तो ओढे. हे आमचं हाय. कोनी सांगतलं म्हून नाही केलं, माह्या पोरायनं आपल्या अकलेनं केलं, अन् माह्यासाठी केलं. आता सांगून चाय ठेवतो. ज्याले प्याचा त्यानं प्यावा, नसन प्याचा त्यानं नोको."

मी जिथे होते तिथेच उभी राहिले. ते माझे शब्द होते. मायनं ते भाकरीसारखे तव्यावर टाकून दिले होते असं मला वाटलं होतं, आणि तिनं ते एवढे दिवस जवळ ठेवले होते. मला रडू फुटलं. ती आत जाता जाता माझ्या दंडाला धरून म्हणाली, "रडतं कायले? चाल, हे पेटवते कसं ते दाखव."

तिला शेगडी पेटवता येत नव्हती. एवढ्या दिवसांत तिनं त्या कळीला हातही लावला नव्हता. मी कळ फिरवली, काडी ओढली, ज्योत आली, आणि मायचा हात सवयीनं फुंकणीकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला. पातेलं ठेवून ती समोर बसली आणि नुसती बघत राहिली. फुंकायचं नव्हतं, पऱ्हाटी सारायची नव्हती, तिला हातांचं काय करावं कळेना. तेवढ्यात दारात मुलाची आई येऊन उभी राहिली. इतका वेळ तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. तिनं विचारलं, "धूर होत नाही काय हो बाई?"

"नाही," माय म्हणाली.

ती आत आली आणि मायच्या शेजारी पाटावर बसली. बसता बसता खोकली. मायनं झटकन वळून तिच्याकडे बघितलं. तो खोकला आम्ही ओळखत होतो. चहा झाल्यावर मायनं दोन कपांत ओतला, एक तिच्यापुढे सरकवला आणि दुसरा उचलून स्वतः प्यायली. मग त्या बाईनंही उचलला. बाहेरून काका हाका मारत होते, "वहिनी, एसटी निघून जाईन." दोघी आपल्या सावकाश पीत होत्या.

"पांचट लागते, नाही?" माय म्हणाली.

"लागते," ती म्हणाली. "पन डोये नाही झोंबत."

मुलगा दाराशी आला. "आई, चल." मी तिसरा कप भरून त्याच्यापुढे धरला. का धरला, सांगता येत नाही, बहुधा मला बघायचं होतं. त्यानं एक पाऊल मागे घेतलं आणि म्हणाला, "नाही, मी चहा जास्त घेत नाही." ज्यानं अर्ध्या तासापूर्वी दुसरा कप मागून घेतला होता, त्यानं आता नाकानं कांदे सोलले, आणि हात पुन्हा मोबाइलवर गेला. त्याची आई उठली. जाताना तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.  पावसाच्या चिखलातून तिघं फाट्याकडे गेले. उमरखेडहून नंतर काहीच निरोप आला नाही, म्हणजे निरोप आलाच.

 संध्याकाळपर्यंत गावभर बातमी पसरली होती. मी अपमानानं जळत होते, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात याचाही राग येत होता. दादा जेवायला बसेना. माय म्हणाली, "जेव गुमान. तुह्यं तोंड जास्त चालते, पन वेल्डिंग पक्कं हाय." भाकरी तिनं चुलीवरच केल्या होत्या, ओल्या पऱ्हाटीशी झगडून. मला वाटलं, झालं, तेवढ्या एका चहापुरतंच ते होतं. त्यात ढगाळ हवेनं ड्रम पार खाली गेला होता. खडूची रेघ दिसत नव्हती. बाबा टाकीच्या काठावर बसून होते. मी विचारलं, "बाबा, आता कसं?" ते म्हणाले, "पाहू."

पहाटे मला जाग आली. अंग खाजत होतं. फटफटत होतं. माय शाल पांघरून, लोटा घेऊन निघाली, तिच्या चपलांचा आवाज अंगणातून फाटकापर्यंत गेला. बाहेर शेजारच्या बाया थांबल्या होत्या. मग फाटकाचा आवाज आला नाही. मी उठून दाराच्या फटीतून बघितलं. माय फाटकाशी उभी होती. एका बाईनं हाक मारली, "येतं ना व?" माय म्हणाली, "तुमी व्हा पुढे." आणि ती वळली, परसातून टाकीला वळसा घातला आणि संडासाच्या दाराशी आली. दादाही उठून माझ्या मागे उभा होता. आमची चाहूल तिला लागली. तिनं मान वळवली, आम्हाला तसं दारात उभं बघितलं आणि तिच्या तोंडावर हसू येत होतं ते तिनं मोठ्या कष्टानं दाबलं.

"पाहून काय राह्यले?" ती म्हणाली. "गॅस कमी पडून राह्यला म्हने ना?" आणि तिनं आतून कडी लावली.